ज्ञानदा की तारा? इंदूरात मुलीचं नाव ठेवताना

बारशाला नऊ दिवस उरले तेव्हा आमच्याकडे दोन नावं शिल्लक होती. आईचं 'ज्ञानदा' आणि आम्हा नवरा-बायकोचं 'तारा'. मधे 'अहिल्या' आणि 'कियारा' ही दोन येऊन गेली, त्यांचंही सांगतो. याला आता दोन वर्षं होतील. सध्या रामबागेतल्या आमच्या ओळखीत दोन घरी पाळणा हलायचा आहे, आणि दोन्हीकडून विचारणा तीच: नाव खास आपलं ठेवावं की सगळीकडे चालणारं?

पत्रिकेतलं अक्षर, मोबाईलवरच्या नावांच्या याद्या हे सगळं तुम्ही पाहून झालेलं असणार, त्यात मी शिरत नाही. एक मात्र आधीच सांगतो. तुमचं मूल पुण्यात किंवा नाशकात वाढणार असेल तर माझं निम्मं म्हणणं तुम्हाला लागू नाही. ज्या गावाला आपण घरात इंदूर म्हणतो आणि उंबरा ओलांडला की इंदौर म्हणतो, त्या गावात राहून केलेला हा विचार आहे.

आधी ज्ञानदा. नावाचं मूळ बघून निवड करायची असेल तर याच्या तोडीचं नाव मला तरी सापडलं नाही. ज्ञानदा म्हणजे ज्ञान देणारी, हे सांगायला नको. पण त्यातला 'ज्ञा' हा धातू किती लांबवर पसरलाय ते पाहिलं की मन भरून येतं. ग्रीकमध्ये तो 'ग्नोसिस' झाला. डॉक्टर 'डायग्नोसिस' म्हणतात त्यात तोच बसलेला आहे. इंग्रजीत 'जाणणे' या अर्थाच्या 'नो'च्या आधी जो मुका 'के' लिहितात तो एके काळी बोलला जायचा, त्याच घराण्यातला. फारसीत त्या जागी 'द' आला आणि 'दाना' म्हणजे शहाणा असा शब्द झाला. त्याच्याच उलट 'नादान', जो आपण मराठीत रोज वापरतो. म्हणजे 'अज्ञान' आणि 'नादान' हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आपल्या घरात आले आणि मुळात सख्खे निघाले. शिवाय आईच्या दृष्टीनं ते माउलींच्या नावातलं अक्षर. तिच्या माहेरी आळंदीची वारी आहे. तिचा आग्रह मला कधीच चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही.

अडलं ते ज्ञ या अक्षराच्या उच्चारापाशी. आणि ते अडणार हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण माझ्या ताईचं नाव प्रज्ञा आहे.

हे जोडाक्षर मुळात ज आणि ञ यांचं. आज त्याचा तसा उच्चार सहसा कुणी करत नाही. मराठीत आपण 'द्न्य' म्हणतो, हिंदीत 'ग्य' म्हणतात, गुजरातीत 'ग्न'. देवनागरीत लिहिलं की मराठी काय, हिंदी काय, ज्ञ एकच दिसतो. खटका उडतो रोमन अक्षरांत. बाबांनी ताईच्या बँकेच्या पहिल्या खात्यावर आपल्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या रीतीनं डी-एन-वाय लिहिलं. दहावीच्या मार्कशीटवर, टंकणाऱ्याच्या कानाला 'प्रग्या' ऐकू आलं म्हणून, जी-वाय आलं. बाबांनी मार्कशीट पाहिली, वरच्या ओळीत देवनागरी 'प्रज्ञा' बरोबर होतं, त्यांनी ती फाईलला लावून टाकली. पुढे मार्कशीट दाखवून पॅन कार्ड काढलं, ते अर्थातच जी-वाय. मग ताईचं लग्न होऊन ती बडोद्याला गेली. तिथे ती सगळ्यांची 'प्रग्नाबेन' झाली आणि तिथल्या पत्त्यावर जे ओळखपत्र निघालं त्यावर जी-एन-ए आलं.

पासपोर्ट काढायची वेळ आली तेव्हा ती माहेरी आली होती. जेवणाच्या टेबलावर तिनं तिन्ही कागद ओळीनं मांडले. तिन्हींवर फोटो तिचाच, जन्मतारीख तीच, वडिलांचं नाव तेच, आणि बाई तीन. शपथपत्र झालं, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात झाली, मग एका कागदावर दुरुस्ती, मग ती दुरुस्ती दाखवून दुसऱ्यावर. सात महिने गेले. एका खिडकीवर माणूस अगदी सौजन्यानं म्हणाला, "मैडम, ये तीनों आप ही हैं, इसका कोई प्रूफ?" तिच्याबरोबर मी उभा होतो. मला तो प्रश्न अजून टोचतो. त्या माणसाचा दोष काही नव्हता. खरं तर या सगळ्यात चूक कुणाचीच नाही, जो तो आपल्या कानाला ऐकू आलं ते लिहीत गेला. म्हणून तर ते जास्त त्रासाचं, कारण भांडायला समोर कुणी नाही.

ताई आणखी एक गोष्ट सांगते. दवाखान्यात बसलेली असताना कंपाउंडर 'प्रग्या' अशी हाक मारतो आणि ती उठतच नाही. नाव आपलंच आहे हे कळायला अर्धा क्षण जातो. तो अर्धा क्षण तिच्या वाट्याला लहानपणापासून येतोय.

हेच थोड्या फरकानं ऋ असलेल्या नावांचं होतं. आपण आणि गुजराती 'रु' म्हणतो, हिंदीवाले 'रि'. त्यामुळे अमृता, ऋतुजा, मृणाल, हृषीकेश यांचीही रोमन स्पेलिंगं दोन-दोन. ळ मात्र माझ्या मते फारसा त्रास देत नाही. गोपाळचा गोपाल होतो, कानाला खटकतं, पण रोमनमध्ये ल आणि ळ दोघांना एकच 'एल', त्यामुळे कागद फाटत नाही. शिवाय आमच्या आसपासच्या खेड्यांतल्या माळवीत ळ चांगला नांदतो. दूधवाला आमच्या काकांना स्वच्छ 'गोपाळजी' म्हणतो.

यावर कुणी म्हणेल, ते जुने दिवस गेले, आता सगळं संगणकावर आहे. मला उलट वाटतं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. नाव नंतर भरलं तरी चालतं, वर्षभर काही शुल्क नाही आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून जोडता येतं. पण कायद्यातल्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदारयादी, पासपोर्ट अशा कितीतरी कामांना जन्माचा दाखला हाच आधारभूत कागद धरला जातो. पहिल्या कागदावर जे स्पेलिंग पडेल तेच पुढे सगळीकडे जाणार. ज्ञ असलेलं नाव ठेवायचंच असेल तर माझी एवढीच विनंती: बारशाआधी रोमन स्पेलिंग ठरवा, घरातल्या सगळ्यांना एकेक चिठ्ठी लिहून द्या आणि पुन्हा कधी बदलू नका. डी-एन-वाय ठेवलंत तर इंदूरात ते वाचून दाखवावं लागेल, जी-वाय ठेवलंत तर पुण्याच्या मावशीचा फोन येईल. यातलं कमी त्रासाचं कुठलं हे मी सांगू शकत नाही, ते ज्याच्या त्याच्या गोतावळ्यावर आहे.

आता तारा. याचं मूळही कमी खोल नाही. ऋग्वेदात 'स्तृभिः' असं रूप येतं, म्हणजे ताऱ्यांनी. त्यातला सुरुवातीचा स आपल्याकडे गळला आणि 'तारा' उरलं. इंग्रजीत 'स्टार'मध्ये तो राहिला, फारसीच्या 'सितारा'त राहिला, ग्रीकच्या 'ॲस्टर'मध्येही. दसऱ्याच्या हारात आपण जी ॲस्टरची फुलं ओवतो त्यांचं नाव तिथूनच आलंय, पाकळ्या ताऱ्यासारख्या पसरतात म्हणून. दुसरी व्युत्पत्ती तॄ धातूवरून, तारून नेणारी. बौद्धांची तारादेवी ती हीच, आणि तिबेटीत तिला डोल्मा म्हणतात, त्याचाही अर्थ सोडवणारी असाच. आयर्लंडमध्ये तारा नावाची टेकडी आहे, जुन्या राजांची गादी तिथे असायची. तिचं मूळ आयरिश नाव निराळं आहे आणि आपल्या ताऱ्याशी तिचा काही संबंध नाही, पण तिच्यावरून तिकडच्या मुलींचंही नाव तारा असतं. आपली पोर तिकडे गेली तर तिला कुणी नाव पुन्हा विचारणार नाही.

मला मात्र त्याहून जवळची वाटली ती कोल्हापूरची ताराबाई. राजाराम महाराज १७०० साली गेले, तेव्हा ती पंचविशीत होती, आणि तिनं औरंगजेबासमोर राज्य उभं ठेवलं. मराठी घरात 'तारा' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी ती येते, मग आकाशातली.

उण्या बाजूही आहेत, त्या लपवत नाही. बृहस्पतीची बायको तारा चंद्राबरोबर गेली ती कथा काकांनी काढली आणि नाक मुरडलं. मोठ्या वहिनीला नाव आजीच्या काळातलं वाटलं. मराठीत तारेचं अनेकवचनही 'तारा'च, त्यामुळे विजेच्या तारा, तंबोऱ्याच्या तारा असं शाळेत कुणीतरी म्हणणार. इंग्रजी शाळेत त चा ट होऊन 'टारा' होण्याचा धोकाही आहे, आणि माझ्या परदेशातल्या मावसभावाच्या घरी तो झालेला मी फोनवर ऐकलाय. पण 'टारा' ऐकूनही पोर वळून बघेल. स्पेलिंग एकच राहतं. ताईच्या वाट्याचा तो अर्धा क्षण इथे येत नाही.

कियाराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांच्या यादीत ते असतं. इटालियनमध्ये 'कियारा' लॅटिनच्या 'क्लारा'वरून आलं, अर्थ स्वच्छ, उजळ. आयरिशमध्ये 'कीरा' असा उच्चार होणारं नाव 'कियार' या शब्दावरून आलं, अर्थ काळं, गडद. इंग्रजीत दोघांची स्पेलिंगं एकमेकांत मिसळली. म्हणून एका यादीत अर्थ 'तेजस्वी' दिसतो आणि दुसरीत 'काळ्या केसांची', आणि दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. बायकोच्या मैत्रिणीला हे सांगितल्यावर ती गप्प झाली. अर्थ महत्त्वाचा असेल तर यादीतल्या एका ओळीवर थांबू नका, ते नाव कुठल्या भाषेतून आलंय ते आधी बघा. मुलगा असेल तर 'समीर'चा विचार जरूर करा: संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. दोन भाषांनी स्वतंत्रपणे घडवलेलं आणि दोन्हींत गोड अर्थाचं असं नाव क्वचित मिळतं.

आणि अहिल्या. इंदूरात हे नाव सुचत नाही असं घर नाही, आणि ते साहजिक आहे. विमानतळ अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. १७६७ ते १७९५ त्यांनी महेश्वरात बसून राज्य केलं, पण इंदूरला त्या आजही घरच्या वाटतात. संस्कृतात मूळ रूप 'अहल्या'. कुणी अर्थ 'जिच्यात कुरूपता नाही ती' असा सांगतं, कुणी 'नांगर न लागलेली भूमी'. उच्चाराला मराठी, हिंदी, माळवी तिघांनाही सोपं. आम्ही ते का सोडलं याला मोठं कारण नाही. आमच्याच इमारतीत दोन अहिल्या आहेत आणि माझ्या चुलतभावाची तिसरी. एवढं आड येत नसेल तर इंदूरात हे नाव डोळे मिटून ठेवावं. पंचकन्यांच्या श्लोकात अहल्या आणि तारा एकाच ओळीत येतात, हे आईला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा ताराच्या बाजूनं जरा सैल झाली.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे ताईचाच. ती बडोद्याहून बारशाच्या आदल्या दिवशी आली. आईनं तिला स्वयंपाकघरात नेऊन ज्ञानदाबद्दल सांगितलं, मला बाहेर ऐकू येत होतं. ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, मला माझं नाव फार आवडतं. पण हिला ते उचलायला लावू नकोस."

दुसऱ्या दिवशी गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं आणि ताई पाळण्यात वाकली. पहिल्यांदा कानात ती 'ज्ञानदा' म्हणाली, आईकडे बघत, आपल्या मराठी उच्चारात. मग मोठ्यानं 'तारा'. कुर्र झालं, पाठीवर बुक्के पडले, घुगऱ्या वाटल्या.

पुढच्या आठवड्यात मी नाव नोंदवायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी "बच्ची का नाम?" विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान वर न करता टंकलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. टी, ए, आर, ए. त्यांनी पुढचा कागद मागितला.