शाळेत पायी की सायकलवर? पुण्यातल्या पालकांसाठी

मूल चौथी ते सातवीत आहे, शाळा फार लांब नाही आणि व्हॅन नकोशी झाली आहे. मग पायी पाठवायचं की सायकलवर? बहुतेक पालक आधी अंतर बघतात. मी म्हणेन, आधी वाटेतले चौक बघा.

अंतराचा हिशोब सोपा आहे. किलोमीटरभर पायी, दोन-तीन किलोमीटर असेल तर सायकल. वेळ साधारण तेवढाच लागतो.

चौकात मात्र दोन्हींत मोठा फरक पडतो. चालणारं मूल थांबू शकतं, मागे सरू शकतं, कुणाचा तरी हात धरू शकतं. सायकलवर तोल सांभाळायचा, मागे बघायचं, ब्रेक दाबायचा आणि येणाऱ्या पीएमपी बसचा वेग ओळखायचा, हे सगळं एकदम. लहान मुलांना गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. म्हणून पाचवीपर्यंत मी पायीच्याच बाजूने आहे, तेही गल्लीतली चार-पाच मुलं आणि सोबत एक मोठं माणूस असं. 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी न भरवण्याचा शासनाचा आदेश आला. झोप मिळते हे चांगलंच, पण तीच ऑफिसच्या गर्दीची वेळ.

पायी जाणंही निर्धोक नाही. जंगली महाराज रस्त्यासारखे रुंद फुटपाथ शहरात मोजकेच. बाकी ठिकाणी गाड्या लावलेल्या असतात, मूल रस्त्यावर उतरतं. बाजीराव रस्ता एकेरी असला तरी ओलांडताना दोन्हीकडे बघायला शिकवा. उलट्या दिशेने दुचाकी येतातच.

सायकल ट्रॅकच्या भरवशावर राहू नका. तो मध्येच संपतो आणि मूल थेट वाहतुकीत शिरतं. त्यापेक्षा मयूर कॉलनी किंवा सहकारनगरसारख्या भागातले आतले रस्ते निवडा, थोडा वळसा पडला तरी. बसल्यावर पाय टेकतील एवढीच उंच सायकल घ्या, दप्तर कॅरिअरला बांधा आणि हेल्मेट घालायला लावाच. पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली जातात आणि ब्रेक उशिरा लागतो, तेव्हा जोराच्या पावसात पायी किंवा बस.

रविवारी रस्ता दाखवून भागत नाही. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळेलाच काही दिवस सोबत जा. आणि वाटेत नळस्टॉपसारखा गर्दीचा चौक असेल, तर सहावी-सातवीतल्या मुलानेही तिथे उतरावं आणि सायकल हातात धरून झेब्रा क्रॉसिंगवरून पायी पलीकडे जावं.