पट्टीतला रुपया सापडला, प्रिंटर अजून अडून बसलाय

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. विश्रामबागेतल्या दोन पोरांकडून दिवाळीत पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या मालविक्रीच्या हिशोबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर करून घेतलं. हंगाम पार पडला, म्हणून आता लिहितोय.

आधी दुकानातल्या संगणकावर व्हिज्युअल बेसिक ६ मधला जुना प्रोग्राम होता, आणि सौद्यात मोबाईलवर दुसऱ्याच कुणी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेत केलेलं अ‍ॅप. शेतकऱ्याला मोबाईलवर एक आकडा दिसायचा, पट्टीवर दुसरा. फरक रुपयाचा, तोही रोज नाही. "दिवाणजी, रुपयाचं सोडा, पण हिशोब कुठला खरा?" असं एकानं चारचौघांत विचारलं तेव्हा मान खाली गेली. मला हमाली-तोलाईच्या वजावटीत घोळ वाटत होता. पोरांनी दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून तासाभरात पकडलं. शेवटी पन्नास पैसे आले की व्हिज्युअल बेसिक जवळच्या सम आकड्याकडे जातं, जावा सरळ वर. ४२.५० चे इथे ४२, तिथे ४३. ४३.५० आले तर दोन्हीकडे ४४! म्हणून कधी जुळायचं, कधी नाही. एवढी वर्षं मी हमालांवर उगाच संशय घेत होतो.

आता सगळं फ्लटर या प्रोग्राम बनवायच्या साधनात आहे. हिशोब एकदाच लिहिलाय; विंडोज, अँड्रॉइड आणि मालकांचा आयफोन तिन्हीकडे तोच चालतो. रक्कमसुद्धा पैशात, पूर्ण अंकात ठेवतात.

तक्रारी आहेतच. पहिल्या दिवशी पट्टीच्या माथ्यावरचा गणपती मोबाईलवर गायब. चित्राच्या फाईलच्या नावात पहिलं इंग्रजी अक्षर मोठं होतं, प्रोग्राममध्ये लहान लिहिलेलं. विंडोजला दोन्ही सारखंच, अँड्रॉइडला नाही. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं. तोलाईचा दर बदलला तेव्हा मात्र नवा प्रोग्राम अ‍ॅपलच्या तपासणीत अडकून मालकांचा फोन दोन दिवस जुनाच दर दाखवत होता. दर प्रोग्रामात कोरून ठेवायचाच कशाला, असं मी बोललो. आता तो सेटिंगमध्ये मलाच बदलता येतो. कार्बनच्या तीन प्रतींचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजूनही फक्त संगणकावरूनच चालतो. मोबाईलवरून पीडीएफ पाठवायची, बस.

घेणार असाल तर नवी विंडोज किंवा अँड्रॉइड आल्यावरची दुरुस्ती वार्षिक देखभालीत धरली आहे का, ते आधी लिहून घ्या. आमच्यात धरली आहे. अ‍ॅपलची वर्षाची ९९ डॉलर फी मात्र आमच्याच माथी. मालक अजून कुरकुरतात, पण आयफोन त्यांचाच आहे.