दिसायला भारी की चालायला हलका? ऑनलाइन आरपीजी निवडणाऱ्यांसाठी

मे महिन्यात नीटचा पेपर आटोपला की लातूरच्या होस्टेलांमधून घरी आलेली पोरं फोनमधले टेस्ट सिरीजचे ॲप काढून टाकतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत काय भरायचं ते विचारत फिरतात. बीजीएमआय, फ्री फायर खेळून झालेलं असतं. आता महिनोन्‌महिने पुरेल असा, स्वतःचं कॅरेक्टर वाढवत न्यायचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आरपीजी, हवा असतो. निवड मात्र बहुतेक जण यूट्यूबवरचा ट्रेलर बघून करतात. माझा भाचाही त्यातलाच. "मामा, हे बघा की, पाणी कसं चमकायलंय!"

ट्रेलरवर भाळणं अगदीच चूक असं मी म्हणणार नाही. दिसण्याला महत्त्व आहेच, पण ते कशाच्या दिसण्याला, हे बघायला हवं. गेमचं जग किती देखणं आहे, लढाईच्या गर्दीत काय चाललंय ते किती स्वच्छ कळतं आणि आपलं कॅरेक्टर चार लोकांत कसं उठून दिसतं, या तीन निरनिराळ्या बाबी आहेत. पहिलीमुळे आपण गेम डाउनलोड करतो. तिसऱ्या महिन्यातही खेळत असलो, तर ते बाकीच्या दोन्हींमुळे. माझं हे मत धरूनच पुढचे चार गेम शेजारी-शेजारी ठेवतोय: गेन्शिन इम्पॅक्ट, ओल्ड स्कूल रुनस्केप, अल्बियन ऑनलाइन आणि फायनल फँटसी १४.

गेन्शिन आणि रुनस्केप: दोन टोकं

गेन्शिन इम्पॅक्ट सप्टेंबर २०२० मध्ये आला. फुकट आहे आणि फोनवर चालणाऱ्या गेमांत देखणेपणात त्याचा हात धरणारे फार थोडे. लियुए प्रदेशातले सुळके चीनमधल्या झांगजियाजीच्या डोंगरांवर बेतलेले आहेत. संध्याकाळी तिथल्या बंदरात कंदील लागतात तेव्हा माणूस लढाई सोडून नुसता उभा राहतो. हे सुख खरं आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत.

पण ट्रेलरमधला गेन्शिन आणि परभणीत पत्र्याच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी चालणारा गेन्शिन हे दोन वेगळे गेम आहेत. भाच्याच्या मध्यम किमतीच्या फोनवर सेटिंग सगळ्यात खाली आणलं तेव्हा गवत विरळ झालं, लांबचे डोंगर धुक्यात गेले आणि सावल्यांच्या कडा करवतीसारख्या दिसायला लागल्या. थोड्या वेळात कॅमेऱ्याच्या बाजूनं फोन एवढा तापला की ब्राइटनेस आपोआप उतरला. मग कॅरेक्टर धावताना अडखळायला लागलं. पोरगं फोन घेऊन कूलरसमोर जाऊन बसलं. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे असताना प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करणारच, त्यात फोनचा दोष नाही. शिवाय जागा लागते वीस जीबीच्या पुढे आणि साधारण दर सहा आठवड्यांनी कित्येक जीबीचा अपडेट येतो. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर हे जमत नाही. गावाकडचा असाल तर तालुक्याला कुणाच्या तरी वायफायवर जाऊन बसायची तयारी ठेवा.

दुसरी अडचण फोन कितीही महागाचा घेतला तरी सुटत नाही. गेन्शिनमध्ये कॅरेक्टर तुम्ही घडवत नाही, कंपनीने घडवलेली मिळवता. तीही सोडतीतून. पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, कॅरेक्टर निघण्याची मूळ शक्यता एका खेपेला ०.६ टक्के. ९० व्या खेपेपर्यंत एक नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. म्हणजे इथं देखणेपण हाच विकायचा माल आहे. नवी मूर्ती, नवे कपडे, नवी अदा, आणि खिशात हात. त्यात भर म्हणजे त्या जगात एकत्र भटकायचं तर जास्तीत जास्त चौघं. एवढा नटूनथटून फिरायचं, पण बघायला गाव नाही! पुढं पुढं तर रोजची ठरलेली ऊर्जा खर्च करायला त्याच त्या खोलीत तोच राक्षस मारायचा असतो. तेव्हा बंदरातल्या कंदिलांकडे कुणी मान वर करून बघत नाही.

आता दुसरं टोक. ओल्ड स्कूल रुनस्केप पहिल्यांदा उघडाल तेव्हा वाटेल, हे काय काढलंय! चौकोनी तोंडं, बोटं नसलेले हात, खेळण्यातली वाटावीत अशी झाडं. मूळ रुनस्केप २००१ चा. कंपनीने पुढं त्याचं रूप सुधारलं, लढाईची पद्धतही बदलली, आणि जुने खेळाडू बिथरले. शेवटी २०१३ मध्ये ऑगस्ट २००७ ची जपून ठेवलेली प्रत काढून वेगळा गेम सुरू करावा का, यावर मतदान घेतलं. चार लाखांहून जास्त मतं पडली आणि तो सुरू झाला. आज नव्या, सजवलेल्या रुनस्केपपेक्षा या जुनाट दिसणाऱ्या गेमवर जास्त गर्दी असते.

यावरून ग्राफिक्सला कुणी विचारत नाही असा निष्कर्ष काढू नका. याच लोकांतल्या एकाने जुना गेम जसाच्या तसा ठेवून वर प्रकाश, सावल्या, पाणी सुधारणारं प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, तयार केलं. २०२१ मध्ये ते बाहेर येण्याच्या तोंडावर कंपनीने अडवलं, तेव्हा खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. लोकांना सुंदर हवं होतं, पण ओळखीचं न मोडता.

आणि कागदी टोपीची गोष्ट तर ऐकाच. २००१ च्या नाताळात मूळ रुनस्केपमध्ये क्रॅकरमधून, म्हणजे नाताळात ओढून फोडतात त्या कागदी नळीतून, निघणारी रंगीत कागदाची टोपी वाटली होती. लढाईत तिचा काडीचा उपयोग नाही. पुन्हा वाटली नाही म्हणून ती दुर्मीळ झाली आणि त्या गेममधल्या सगळ्यात महागड्या वस्तूंत जाऊन बसली. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, ती काय नांगर ओढायला? वेशीतून जाताना गावानं बघावं म्हणून. एवढ्या ओबडधोबड दिसणाऱ्या गेममध्ये लोकांनी सगळ्यात जास्त किंमत मोजली ती नुसत्या दिसण्याला, हे मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं.

आपल्याकडच्या नेटवर्कच्या दृष्टीनं रुनस्केपची एक सोय आहे जी ट्रेलरमध्ये दिसणार नाही. हा गेम खेळाडूंनी काय केलं याचा हिशेब दर ०.६ सेकंदाला एकदाच करतो. त्यामुळे परदेशातल्या सर्व्हरचा पिंग, म्हणजे तिथं संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या घरात गेला तरी फारसं बिघडत नाही. साध्या फोनवर चालतो, फोन तापत नाही, तेच खातं कॉम्प्युटरवरही उघडतं. एक भाग फुकट आहे, बाकी जगासाठी सभासद व्हावं लागतं. कंटाळवाणा मात्र आहे, खोटं कशाला सांगू. एका कौशल्यात ९९ ची पातळी गाठायला १ कोटी ३० लाखांवर गुण लागतात आणि ९२ ला पोचलात की कुठं निम्मं अंतर संपतं. शेळ्या राखताना एका हाताने खेळणारे लोक मी पाहिलेत. त्यांना तोच संथपणा आवडतो.

अल्बियन: कपडे वाचता आले पाहिजेत

बर्लिनच्या कंपनीचा हा गेम २०१७ मध्ये आला, २०१९ मध्ये फुकट झाला आणि २०२१ पासून फोनवर आहे. वरून तिरपं दिसणारं जग, ठसठशीत रंग, थोडं चित्रकथेच्या अंगानं जाणारं. सुंदर म्हणून कुणी याचा स्क्रीनशॉट वॉलपेपरला लावणार नाही. पण लढाईत काय दिसायला हवं, याचा विचार चारही गेमांत इथंच सर्वांत नीट केलाय असं माझं मत.

इथं जे अंगावर असेल तेच तुमचं काम. आगीची काठी घेतली की आगीची विद्या, कुऱ्हाड घेतली की कुऱ्हाडीची. त्यामुळे समोरून येणाऱ्याच्या हातात काय आहे ते ओळखून एका क्षणात ठरवावं लागतं, भिडायचं की पळायचं. गेमच्या जगाचे रंगांनी ओळखायचे मुलूख आहेत. निळा आणि पिवळा मुलूख त्या मानाने सुरक्षित. लाल आणि काळ्या मुलखात मेलात की अंगावरचं सगळं जातं. अशा ठिकाणी झगमगाट आडवा येतो, स्वच्छ चित्र जीव वाचवतं. बाजारातला बहुतेक माल खेळाडूंनीच बनवलेला, त्यामुळे व्यापाराची आवड असलेल्यांना, मोंढ्यात भाव बघायची सवय असलेल्यांना, हा गेम पटकन चिकटतो.

तोटे? सहा इंची पडद्यावर माणसं मुंगीएवढी दिसतात आणि कॉम्प्युटरवर खेळणारा माऊसवाला तुमच्यापेक्षा चपळ असतो. २०२३ मध्ये आशियासाठी वेगळा सर्व्हर आल्यापासून पिंग सुसह्य झालाय खरा. पण काळ्या मुलखात असताना लाईट गेली, राउटर बंद पडला, की तुमचं कॅरेक्टर तिथंच उभं. परत येईपर्यंत कुणीतरी अंगावरचं उतरवून घेतलेलं असतं. गेन्शिनमध्ये एकटे खेळत असाल तर लाईट गेल्याने एवढं नुकसान होत नाही, हेही मान्य करायला हवं.

फायनल फँटसी १४, लॅपटॉपवाल्यांसाठी

बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप आणि घरी फायबर असेल तरच हे वाचा. २०१० मध्ये हा गेम पहिल्यांदा आला तो सपशेल आपटला. नंतर सूत्रं हाती घेतलेल्या नाओकी योशिदा यांनी सांगितलेलं एक कारण मासलेवाईक आहे: गेममधल्या एका फुलांच्या कुंडीला खेळाडूच्या अख्ख्या कॅरेक्टरइतकंच बारीक काम केलं होतं. कुंड्या सुंदर, आणि वीस माणसं एकत्र आली की गेम आचके देणार. तो बंद करून २०१३ मध्ये नव्याने बांधला, तोच आजचा. सत्तराव्या पातळीपर्यंत मुदतीची अट नसलेला फुकट ट्रायल आहे, त्यातच वर्ष सहज जातं.

इथली खरी मजा कपड्यांची. लढाईला एक चिलखत घालायचं आणि लोकांना दुसरंच दाखवायचं, अशी सोय आहे. तासन्‌तास पोशाख जुळवत बसणारे खेळाडू ढिगाने आहेत. २०२४ मध्ये कंपनीने सगळं चित्रण सुधारलं, तेव्हा खेळाडूंनी तक्रार कशाची केली? डोंगर-दऱ्यांची नव्हे. आपल्या कॅरेक्टरचा चेहरा ओळखू येईना, डोळे बदलले, याची. चाचणीसाठीची आवृत्ती सुधारून पुन्हा द्यावी लागली.

संशोधकही याच दिशेनं बोलतात. निक यी यांनी २००६ मध्ये ऑनलाइन खेळाडूंच्या प्रेरणा मांडल्या, त्यात कॅरेक्टर सजवणं ही गोष्ट स्वतंत्रपणे येते, प्रगती आणि मैत्री यांच्या बरोबरीच्या गटात. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी दाखवलं की देखणं कॅरेक्टर मिळालेला माणूस अनोळखी लोकांच्या जास्त जवळ जाऊन उभा राहतो, जास्त मोकळं बोलतो. आणि या सगळ्या गेमांचा पूर्वज, १९७८ चा इंग्लंडमधला एमयूडी, त्यात तर एकही चित्र नव्हतं, नुसता मजकूर होता. तरी विद्यार्थी रात्र-रात्र जागायचे.

मग टाकायचा कोणता?

फोन साधा, डेटा रोजचा मोजका आणि खेळायला कुणी सोबत नाही: रुनस्केप. चार-पाच मित्र रोज एका वेळेला बसू शकतात, हरल्यावर चिडचिड होत नाही: अल्बियन, पण पहिले काही आठवडे पिवळ्या मुलखाच्या पुढे जाऊ नका. फोन चांगला आहे, वायफाय आहे आणि सुट्टीपुरतं मस्त भटकायचंय: खुशाल गेन्शिन. फक्त फोनमधलं यूपीआय वडिलांच्या खात्याला जोडलेलं असेल तर आधी त्यांना सांगा. लॅपटॉपवाल्यांनी फायनल फँटसीचा ट्रायल घ्यावा.

आणि ट्रेलर बघायचाच असेल तर त्यासोबत आणखी एक व्हिडिओ शोधा: तुमच्याच मॉडेलच्या फोनवर, लो सेटिंगला, कुणीतरी अर्धा तास सलग खेळून दाखवलेला. शेवटची दहा मिनिटं बघा, फोन तापल्यानंतरची.