किनारीकरण : १३,४०० रुपयांचा एक शब्द

माझे एकूण १३,४०० रुपये गेले. त्यातले पहिले ६,००० मी राजीखुशीने दिले होते. हे आधीच सांगते, कारण ते लपवलं तर पुढचं सगळं अर्धवट राहील. विकतचा लघुप्रबंध देऊन मी कॉलेजला फसवायला निघाले होते आणि वाटेत मलाच कुणीतरी फसवलं. चोरीचा मामला आणि हळूहळू बोंबला. असल्या लोकांचा धंदा त्या हळूहळू बोंबलण्यावरच चालतो, हे मला फार उशिरा कळलं.

एम.पी.एड.च्या, म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध असतो. माझा विषय मीच निवडला होता आणि तो मला मनापासून आवडलाही होता. देवगड-मालवणच्या पट्ट्यात किनाऱ्यावरच्या वाड्या एकीकडे आणि वर सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, वाड्या दुसरीकडे. किनाऱ्यावरची पोरं रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर ओढणाऱ्या घरांतली, सड्यावरची रोज घाटी चढून-उतरून शाळेत येणारी. दोघांच्या शारीरिक क्षमतेत फरक पडत असेल का? पुल-अप्समध्ये किनारा पुढे आणि ६०० यार्ड धावण्यात सडा पुढे, असं काही निघेल का? आमचे बाबाही रापणीला जायचे, त्यामुळे हा प्रश्न मला घरबसल्या सुचला होता. ऑगस्टमध्ये सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झाला. दोन्हीकडची वीस-वीस मुलं घ्यायची आणि आहपर (AAHPER) या अमेरिकी संस्थेच्या शारीरिक क्षमता कसोटीच्या सहा चाचण्या घ्यायच्या: पुल-अप्स, सिट-अप्स, शटल रन, जागेवरून लांब उडी, ५० यार्ड आणि ६०० यार्ड.

मग मी काहीच केलं नाही. गावच्या हायस्कुलात तासिका तत्त्वावर खेळ शिकवत होते. तालुका स्पर्धा, जिल्हा स्पर्धा, मग स्नेहसंमेलन. फेब्रुवारी उजाडला तेव्हा माझ्याकडे चाळीस मुलांची नुसती यादी होती आणि सबमिशनला पाच आठवडे उरले होते.

झेरॉक्सच्या दुकानात काचेवर आतून एक कागद चिकटवलेला होता. बी.एड., बी.पी.एड., एम.पी.एड., सर्व प्रोजेक्ट, लघुप्रबंध, डेटासह करून मिळतील. खाली नंबर. ‘डेटासह’ हा शब्द वाचून खरं तर मी तिथूनच मागे फिरायला हवं होतं. चाळीस पोरं माझ्या गावात, आणि त्यांच्या उड्या मोजणार कोण, तर फोनवरचा माणूस! पण मी नंबरचा फोटो काढला.

पलीकडचा माणूस गोड बोलायचा. “ताई, टेन्शन घेऊ नका, तुमचं काम आमच्यावर सोडा.” परिकल्पना, व्याप्ती, मर्यादा, नमुना निवड, सगळे शब्द त्याच्या तोंडात तयार. मला वाटलं, माणूस याच लाइनमधला दिसतोय. सहा हजार ठरले, अर्धे आधी. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव आलं. विचारलं तर म्हणाला, ते अकाउंटंटचं खातं आहे. पुढच्या प्रत्येक वेळी वेगळं नाव आलं आणि प्रत्येक वेळी तो नवा अकाउंटंट होता.

दोन दिवसांत नमुन्यादाखल पहिलं प्रकरण आलं. छान होतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी गेलं, तिथे त्यांनी आपले देशी खेळ दाखवले; १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. वाचताना अंगावर काटा आला. आमच्या रापणीशी त्याचा काय संबंध, हे मनात आलंच नाही. नंतर कॉलेजच्या लायब्ररीत जुने प्रबंध चाळले तर निम्म्यांत हेच दोन परिच्छेद होते, विषय योगासनांचा असो की खो-खोचा.

मग उरलेले ३,०००. मग ‘सांख्यिकी विश्लेषण’ वेगळं, त्याचे २,०००. मग प्लेगरिझम रिपोर्टचे, म्हणजे मजकूर किती उचललेला आहे ते दाखवणाऱ्या अहवालाचे, १,४००. प्रत्येक वेळी काम ‘पूर्ण झालंय, फक्त पाठवायचं बाकी आहे’. अर्धे पैसे आत अडकले की माणूस उरलेले अर्धे वाचवत नाही, आधीचे वाचवण्यासाठी आणखी देतो. जाळ्यात शिरलेला मासा मागे फिरत नाही, पुढेच रेटतो. मासेमारी करणाऱ्या घरातली असून मला ते दिसलं नाही.

फाइल आली. सोबतच्या रिपोर्टवर ‘साम्य ४ टक्के’ असं हिरव्या अक्षरांत लिहिलेलं. मी पानं मोजली, नाव बरोबर आहे ना पाहिलं, प्रिंट काढली आणि मार्गदर्शक मॅडमना नेऊन दिली. वाचली नाही. सगळ्यात जास्त लाज मला याच गोष्टीची वाटते.

तीन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. एका तारखेला पेन्सिलने गोल केला होता: १२ जुलै. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “या दिवशी तू मुलांना ६०० यार्ड कुठे धावायला लावलंस?”

कोकणातल्या कुणालाही यातली गंमत सांगावी लागणार नाही. जुलैत आमच्या मैदानावर घोट्याएवढं पाणी असतं आणि कडेच्या चिऱ्यांना शेवाळ धरलेलं असतं. मी म्हणाले, “हॉलमध्ये.” मॅडमनी मान डोलावली. “आणि सिनॉप्सिस ऑगस्टमध्ये मंजूर झाला. चाचण्या त्याच्या आधीच?” मी गप्प. मग त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. किनाऱ्यावरच्या २० मुलांची पुल-अप्सची सरासरी ४.३७. “वीसने गुण,” त्या म्हणाल्या. ८७.४ आले. “पुल-अप पूर्ण झाली, हनुवटी दांडीच्या वर गेली, तरच मोजायची. हे पॉइंट चार कोणी काढलं?”

इथे थोडं थांबते, कारण हे पडताळणं अगदी सोपं आहे आणि कुणालाही करता येतं. पूर्ण आकड्यांत मोजलेली गोष्ट, मुलं वीस, तर सरासरीच्या दशांशात शेवटी ० किंवा ५ च येणार. ४.३५ येईल, ४.४० येईल. ४.३७ कधीच नाही. बसल्या जागी रचलेला आकडा असा पकडता येतो.

घरी येऊन रात्री मी ते सगळं पहिल्यांदा वाचलं. पान नऊवर वाक्य होतं: “वाढत्या किनारीकरणामुळे मुलांना खेळायला मैदाने उरली नाहीत.” दोनदा वाचलं. किनारीकरण म्हणजे काय? मग लख्ख कळलं. मूळ प्रबंध कुणाचा तरी शहरी आणि ग्रामीण मुलांवरचा. ‘शहरी’च्या जागी सरसकट ‘किनारी’ घातलं, आणि शहरीकरणाचं किनारीकरण झालं! रडू येत होतं तरी हसले. पुढे मग रांगच लागली. ६०० यार्डांना ६०० मीटर म्हटलेलं, प्रत्यक्षात ते ५४९ मीटरही भरत नाहीत. परिशिष्टातल्या फोटोत मुलं शटल रन करतायत आणि त्यांच्या पायाखालची माती काळी. आमच्याकडे काळी माती आणायची तर घाटावरून ट्रक मागवावा लागेल.

सगळ्यात मोठा घोटाळा टी-मूल्याचा होता. दोन गटांतला फरक खरा की निव्वळ योगायोगाचा, हे त्यावरून ठरवतात; ते कोष्टकातल्या मूल्यापेक्षा मोठं असावं लागतं. फाइलमध्ये टी-मूल्य २.०१, कोष्टकातलं मूल्य २.००, म्हणून ‘सार्थ फरक आढळला’. पण ते कोष्टकमूल्य ५८ स्वाधीनता मात्रांचं (दोन्ही गटांतली एकूण मुलं वजा दोन), म्हणजे तीस-तीस मुलांच्या दोन गटांचं. माझी मुलं वीस-वीस, चाळिसातून दोन गेले की ३८. तिथे ०.०५ पातळीवर कोष्टकात २.०२ आहे. म्हणजे त्याच्या खोट्या आकड्यांतूनसुद्धा त्याचा निष्कर्ष निघत नव्हता. पैसे घेऊन नीट खोटंही लिहून दिलं नाही.

मी फोन केला, पैसे परत मागितले. तो आधी म्हणाला, करेक्शन करून देतो, त्याचा चार्ज पडेल. मी आवाज चढवला. मग म्हणाला, बरं, रिफंड देतो, पाठवतोय तो क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. एवढ्यापुरती मी शहाणी निघाले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच, हे चुलतभावाने कधीतरी बजावलं होतं. मी नाही म्हटलं आणि त्याची भाषा बदलली. ‘ताई’ संपलं. आमच्या सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट आले, त्याखाली माझ्या कॉलेजचं नाव आणि प्राचार्यांचा ईमेल पत्ता. “पाठवू का?”

ही माहिती त्याला मीच दिली होती, मुखपृष्ठासाठी. कॉलेज, हजेरी क्रमांक, मार्गदर्शकांचं नाव, सगळं.

मी ४,००० दिले. आठ दिवसांनी त्याने १०,००० मागितले.

त्या संध्याकाळी मी मागच्या पडवीत बसले होते. बाबांनी विचारलं आणि मी सगळं ओकून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “पैशे गेले ते गेले. रडतंस कित्याक गो? उद्या जा आणि त्या बाईंका सगळा खरा सांग. मग तो कोणाक काय सांगतलो?”

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर उभी राहिले. त्यांना अंदाज होताच. पण त्यांनी मला आधी दुसरीच गोष्ट दाखवली: विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम. साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. “हे मी ऑफिसला पाठवलं असतं तर तू यातल्या कुठल्या खणात बसली असतीस, सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. मी ती प्रत फक्त कच्चा मसुदा म्हणून दिली होती, म्हणून वाचले. त्या सत्राचं सबमिशन मी दिलं नाही. वर्ष गेलं, फी पुन्हा भरली.

त्याच दिवशी १९३० वर फोन केला आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार नोंदवली. मॅडमना सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता घाबरायला काही उरलं नव्हतं. पैसे मिळाले नाहीत. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी महिनाभर गप्प बसले होते, तेवढ्यात ते कुठच्या कुठे गेले. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, सगळी वेगवेगळी नावं मी जपून ठेवली होती, ती दिली. त्या माणसाला मी एकच मेसेज केला: “मॅडमना सांगितलंय, पोलिसांनाही.” दोन निळ्या टिका आल्या. नंतर नंबर बंद.

दिवाळीनंतर मैदान वाळलं आणि मी खरं काम सुरू केलं. माझा विचार होता, किनाऱ्यावरच्या मुलांना ओहोटीच्या घट्ट वाळूत धावायला लावायचं आणि सड्यावरच्यांना सड्यावर. मॅडम म्हणाल्या, मग तू मुलांची तुलना करणार की जमिनीची? चाळीसही पोरं शाळेच्या एकाच मैदानावर आणली, एकाच वेळेला, सकाळी. टेपने ३० फूट मोजले, शटल रनसाठी सुताराकडून लाकडी ठोकळे करून घेतले. एका पोराने साडेतीन पुल-अप काढल्या आणि अर्ध्या पुल-अपसाठी माझ्याशी पाच मिनिटं भांडला.

ही कसोटी आली कुठून, हेही तेव्हाच वाचलं. १९५० च्या दशकात क्राउस-वेबर या स्नायूंच्या ताकद-लवचिकतेच्या चाचणीत अमेरिकेतली ५७.९ टक्के मुलं नापास झाली आणि युरोपातली ८.७ टक्के. तिथे हलकल्लोळ झाला, १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवक तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली आणि त्याच लाटेत आहपरची कसोटी आली. विकतच्या फाइलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं.

पुल-अप्समध्ये किनारा पुढे निघाला नाही. मी हिरमुसले. मग मुलांना विचारत सुटले, दोर कधी ओढलाय का? बहुतेकांनी हाच लावला नव्हता. रापणीला आता पूर्वीसारखी मासळी लागत नाही, घरचेच जेमतेम जातात, पोरं जातील कशाला? माझ्या गृहीतकातली रापण बाबांच्या लहानपणची होती. मॅडम म्हणाल्या, हेच लिही. चर्चेच्या प्रकरणात मी तेच लिहिलं. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्या पानावरच विचारले, आणि मला उत्तरं येत होती.

गेल्या आठवड्यात ब्लॅकबुकच्या, म्हणजे प्रबंधाच्या पक्क्या प्रतींच्या, बाइंडिंगसाठी त्याच झेरॉक्सच्या दुकानात गेले. काचेवर तसाच कागद, ‘डेटासह’ तसंच, नंबर नवा. दुकानदार काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, कोण पोरगा येऊन लावून जातो, आपल्याला काय माहीत. त्यांनी कागद काढला, उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच माझ्या बाइंडिंगचा हिशोब केला. चार प्रती, ७२० रुपये.