एसआय जॉइंटचं इम्प्लांट: तीन कोटेशनं आणि त्यांवरचे शिक्के

वहिनीला ‘कुठे दुखतं?’ असं विचारलं की ती कंबरेच्या मागे उजवीकडे, जिथे खळी पडते तिथे, एक बोट ठेवते. दोन वर्षं झाली, ते बोट तसूभर हललेलं नाही. घोडबंदर रोडवर रिक्षा खड्ड्यात गेली की ती दादाचं मनगट आवळते. आधी एमआरआय बघून मणक्यावर खापर फोडून झालं. मग एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी पाय दुमडून, दाबून, ताणून पाच-सहा तपासण्या केल्या आणि सांगितलं, दुखणं एसआय जॉइंटचं आहे. त्रिकास्थी आणि कमरेचं मोठं हाड जिथे भेटतात तो हा सांधा. सी-आर्मखाली, म्हणजे चालू एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राखाली, त्यात इंजेक्शन दिलं, तर दुखणं काही तास जवळजवळ गायब. नंतर व्यायाम, पट्टा, गोळ्या सगळं झालं. आता सांधा कायमचा जखडून टाकायचा, म्हणजे फ्यूजन करायचं, असा विषय निघालाय.

दादाने ठाण्यातून एक आणि नवी मुंबईतून दोन अशी कोटेशनं आणली, पाचपाखाडीच्या घरी जेवणाच्या टेबलावर पसरली आणि मला म्हणाला, “तू याच धंद्यात आहेस ना? सांग, कुठलं घ्यायचं?”

मी महापेला एका आयात कंपनीत रेग्युलेटरी, म्हणजे सरकारी परवान्यांची कामं, बघते. आम्ही कॅथेटर आणतो. हाडातलं काहीच विकत नाही. त्यामुळे माझा यात कुठलाच हितसंबंध नाही, आणि कुठलं घ्यायचं हे ठरवणारी मी डॉक्टरही नाही. पण कागद वाचता येतात.

पहिल्या कोटेशनवर लिहिलं होतं ‘यूएस एफडीए अप्रूव्हड’: अमेरिकन बनावटीच्या तिकोनी टायटॅनियम कांड्या, तीन नग. दुसऱ्यावर ‘सीई सर्टिफाइड’: युरोपातला पोकळ, बाजूने छिद्रं असलेला स्क्रू. तिसरा भारतीय स्क्रू, आणि त्याच्यापुढे शिक्क्यांची माळ: आयएसओ १३४८५, सीई, डब्ल्यूएचओ-जीएमपी. ही शेवटची औषधांच्या कारखान्यांची भाषा. स्क्रूच्या कागदावर ती काय करत होती देव जाणे. पहिल्याच्या पैशांत तिसऱ्याचे तीन-चार सेट आले असते, हेही सांगून ठेवते, कारण दादाची नजर तिथेच होती.

“एफडीए म्हणजे दिवाळीत भेसळीचा मावा पकडतात तेच ना?” दादाने विचारलं. ते आपलं, महाराष्ट्राचं अन्न व औषध प्रशासन. कोटेशनवरचं एफडीए अमेरिकेचं. पण हा घोटाळा वाटतो तितका विनोदी नाही. पुढे आपल्या एफडीएकडे परत यायचंय.

आधी त्या ‘अप्रूव्हड’ शब्दाचं बघू. अमेरिकेत उपकरण बाजारात आणायचे दोन मोठे रस्ते आहेत. एक पीएमए: उपकरण सुरक्षित आणि परिणामकारक आहे याचा स्वतंत्र पुरावा द्यायचा, मग ‘अप्रूव्हल’. दुसरा ५१०(के): आमची वस्तू आधीच बाजारात असलेल्या अमुक वस्तूच्या तोडीची आहे, एवढं दाखवायचं, मग ‘क्लिअरन्स’. एसआय जॉइंटचे धातूचे इम्प्लांट या दुसऱ्या रस्त्याने येतात, वर्ग दोनमध्ये (मधल्या जोखमीचा), हाड धरून ठेवणाऱ्या खिळ्या-स्क्रूंच्या नियमाखाली. अर्जात बहुतेक वेळा वाकवून, पिळून, उपसून बघितलेल्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या असतात. माणसांवरची चाचणी लागतेच असं नाही. आणि गंमत म्हणजे ५१०(के) मिळालेल्या वस्तूला सरकारी मान्यता असल्याचा आभास निर्माण करणं हे अमेरिकेच्याच नियमावलीत, कलम ८०७.९७ मध्ये, चुकीचं लेबलिंग ठरवलंय. म्हणजे ठाण्यात छापलेला तो ‘अप्रूव्हड’ शब्द अमेरिकेत अंगाशी आला असता.

तरीही पहिलं कोटेशन मी बाजूला सारलं नाही. कारण क्लिअरन्सच्या कागदात एक ओळ असते, वापर कशासाठी. आयफ्यूज या तिकोनी इम्प्लांटला पहिलं क्लिअरन्स २००८ च्या नोव्हेंबरात मिळालं, आणि या इम्प्लांटच्या वापराच्या ओळीत एसआय जॉइंटचं फ्यूजन नावानिशी आहे: सांधा विस्कटल्यामुळे किंवा झिजेमुळे झालेला त्रास. हे कोणालाही घरबसल्या तपासता येतं. अमेरिकन एफडीएच्या संकेतस्थळावर ५१०(के)ची यादी फुकट खुली आहे. ‘के’ अक्षर, पुढे वर्षाचे दोन आकडे, मग चार आकडी क्रमांक. एसआय सांध्याच्या इम्प्लांटचा गट-कोड ओयूआर. विक्रेत्याकडे के-नंबर मागा. नंबर न देता नुसतं माहितीपत्रक पुढे करणाऱ्याकडे मी दुसऱ्यांदा मागत नाही.

सीई, म्हणजे युरोपात विकायला लागणारी खूण, हिची गोष्ट वेगळी. तिथे सरकार स्वतः फाइल बघत नाही. नेमून दिलेली संस्था, म्हणजे नोटिफाइड बॉडी, कारखान्याची गुणवत्ता-व्यवस्था आणि तांत्रिक फाइल तपासते. म्हणून इम्प्लांटवरच्या सीई खुणेशेजारी चार आकडे असायलाच हवेत. ०१२३ म्हणजे ट्यूफ झ्यूड, २७९७ म्हणजे बीएसआयचं नेदरलँड्समधलं कार्यालय. आकडे नसलेला सीई हा साध्या, कमी धोक्याच्या वस्तूंचा, निर्मात्याने स्वतःच लावलेला. आपल्याकडे तर नोटिफाइड नसलेल्या एजन्सीही ‘सीई’ मथळ्याचं, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र देतात. तिसऱ्या कोटेशनला जोडलेलं नेमकं तसंच होतं: किनार होती, आकडे नव्हते.

दुसऱ्या कोटेशनवाल्याला मी एकच प्रश्न विचारला: प्रमाणपत्र जुन्या निर्देशाखालचं की नव्या नियमाखालचं? युरोपात २६ मे २०२१ पासून नवा नियम, २०१७/७४५, लागू झाला. तो वापराच्या पुराव्याबाबत बराच कडक आहे, आणि बऱ्याच इम्प्लांटसाठी रुग्णाच्या हातात कार्ड द्यायची सक्तीही त्यात आहे (साध्या स्क्रू-प्लेटना सूट). पण जुनी प्रमाणपत्रं अटींवर, उपकरणाच्या वर्गानुसार २०२७ किंवा २०२८ अखेरपर्यंत चालतात. दोन्ही कायदेशीर. नव्या नियमाखालचं असेल तर माझ्या लेखी वजन काकणभर जास्त. त्यांचं जुनं निघालं, नव्यासाठीचा अर्ज दाखल असल्याचं पत्र सोबत होतं. ठीक.

आता तुमच्या-माझ्यासाठी खरी गोष्ट. अमेरिकेचा किंवा युरोपचा शिक्का कितीही चकचकीत असला तरी ठाण्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये ते इम्प्लांट वापरायची परवानगी देतो आपला कायदा. हाडांचे इम्प्लांट २००५ मध्येच ‘औषध’ म्हणून अधिसूचित झाले, आणि १ जानेवारी २०१८ पासून त्यांना वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू आहेत. जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग. शरीरात कायम राहणारे हाडाचे स्क्रू-प्लेट बहुतेक सी वर्गात. सी आणि डी वर्गाचा परवाना दिल्लीहून, केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडून, म्हणजे सीडीएससीओकडून येतो. आयातीसाठी एमडी-१५ नमुन्यातला, देशात बनवायचं असेल तर एमडी-९. राज्याचं एफडीए ए आणि बी वर्गाचे निर्मिती परवाने देतं.

इथे एक बारकावा आहे, जो कोटेशन देणारे सांगत नाहीत. अमेरिका, युरोपीय संघ, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत खुल्या विक्रीचं प्रमाणपत्र असेल, तर आपल्याकडे आयात परवाना भारतीय रुग्णांवर चाचणी न करता मिळतो. म्हणजे तिकडे ‘आधीच्या वस्तूच्या तोडीची’ म्हणून सुटलेली वस्तू तिकडच्या कागदावर इकडे येते. साखळी अशी आहे हे माहीत असावं.

ती साखळी कुठे तुटू शकते हे आपण पाहिलंय. डीप्यू कंपनीचं एएसआर हे खुब्याचं धातूवर-धातू इम्प्लांट. त्याची एक्सएल आवृत्ती अमेरिकेत २००५ मध्ये ५१०(के)नेच आली. ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून ते डिसेंबर २००९ मध्ये निघालं, जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये. भारतातल्या रुग्णांसाठी सगळ्यात आधी ज्यांनी पोलिसांत तक्रार नेली ते महाराष्ट्राचं एफडीए, दादाचे ते माव्यावाले. भरपाईचं सूत्र ठरायला मात्र २०१८ उजाडलं: ३० लाखांपासून १ कोटी २३ लाखांपर्यंत.

मग डब्यावर काय बघायचं? माझ्या टेबलावर असे डबे रोज येतात, म्हणून सांगते. मूळ कंपनीच्या लेबलवर कारखान्याची खूण, लॉट नंबर, वाळूच्या घड्याळाशेजारी मुदत, निर्जंतुक असेल तर तशी खूण. त्याच्या शेजारी किंवा खाली दुसरा, बहुधा जरा वाकडा चिकटवलेला पांढरा स्टिकर: आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि परवाना क्रमांक, ‘आयएमपी/एमडी’ने सुरू होणारा. भारतीय मालावर तोच ‘एमएफजी/एमडी’ने सुरू होतो. हा वाकडा स्टिकर नसेल तर बाकीची चकाकी कामाची नाही.

नंबर मिळाला की परवान्याची प्रत मागायची आणि त्यात ‘इंटेंडेड यूज’चा रकाना शोधायचा. तिसऱ्या कोटेशनचा निकाल इथे लागला. परवाना अस्सल होता, कंपनी अस्सल, स्क्रूही चांगला असणार. पण रकान्यात होतं: मोडलेली हाडं जोडण्यासाठी. एसआय सांध्याचं नाव नाही, फ्यूजनचं नाव नाही. अपघातात कंबरेचं हाड मोडलं तर याच जागेतून असे पोकळ स्क्रू घालतात, ते जुनं आणि रुळलेलं काम आहे. पण तिथे स्क्रूने हाड सांधेपर्यंत धरायचं असतं. इथे दोन हाडांमधली रोजची सूक्ष्म हालचाल वर्षानुवर्षं रोखायची, आणि इम्प्लांटच्या अंगावर हाड चढून बसायला हवं. तिकोनी आकार फिरत नाही आणि खरबरीत, सच्छिद्र लेप हाडाला धरायला जागा देतो. गोल, गुळगुळीत दांड्याच्या स्क्रूला हे दोन्ही नाही. सर्जन आपल्या अनुभवावर तो वापरू शकतात. मग तसं त्यांनी वहिनीला समोर बसवून सांगावं आणि संमतीपत्रात लिहावं. कोटेशनमध्ये ‘एसआय फ्यूजन स्क्रू’ असं टाइप करून देऊ नये.

शिवाय हा तिसरा स्क्रू निर्जंतुक पाकिटात येत नाही. कंपनीचा माणूस स्टीलच्या ट्रेमध्ये सेट आणतो, हॉस्पिटल तो ऑटोक्लेव्ह करतं, म्हणजे वाफेने निर्जंतुक करतं, वापरलेत तेवढे ठेवून बाकी परत जातात. यात बेकायदा काही नाही, पण लॉट नंबर नेमका कोणाच्या शरीरात गेला याचा माग अशा वेळी सैल पडतो.

चौथा एक पर्याय दादाने कुठल्याशा व्हिडिओत बघितला होता: धातू नाही, दात्याच्या हाडाचा तुकडा मागून सांध्यात ठोकायचा. अमेरिकेत कमी प्रक्रिया केलेलं असं हाड ऊतींच्या वेगळ्या नियमांत बसतं, त्याला ५१०(के) लागत नाही. आपल्याकडे ऊतीपेढ्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली येतात. पुरावा धातूच्या तुलनेत नवा आणि थोडा. वहिनीसाठी मी तो विचारात घेतला नाही.

शिक्का आणि पुरावा यांची गल्लत मात्र पहिल्या कोटेशनबाबतही नको. तिकोनी इम्प्लांटवर अमेरिकेत १४८ जणांची चाचणी झाली, १०२ जणांची शस्त्रक्रिया, ४६ जणांवर बिगर-शस्त्रक्रिया उपचार. शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं शंभरपैकी ८२ च्या आसपासवरून सहा महिन्यांत ३० च्या आसपास आलं. दुसऱ्या गटाचं फारसं हललं नाही. पण खर्च कंपनीचा, आणि आपल्याला काय मिळालं हे रुग्णाला माहीत. नंतर नॉर्वे-स्वीडनमध्ये ६३ जणांवर वेगळी चाचणी झाली. अर्ध्यांना खरी शस्त्रक्रिया, अर्ध्यांना नुसती चीर, कोणाला काय हे रुग्णांपासून लपवलेलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. हे वाचून दादा बराच वेळ गप्प होता.

म्हणून मी वहिनीला सांगितलं ते असं. सांधा खरोखर झिजेचाच आहे आणि सुजेच्या संधिवाताचा किंवा टीबीचा नाही, हे आधी पक्कं करून घे. संधिवात किंवा टीबी असेल तर फ्यूजन हे उत्तर नव्हे. आपल्याकडे कमी वयात एसआय सांधा दुखत असेल तर संधिवाततज्ज्ञाला दाखवल्याशिवाय मी तर सही करणार नाही. खात्री करायला दुसरं इंजेक्शन घे. तेही लागू पडलं आणि करायचंच ठरलं, तर पहिलं. ते झेपलं नाही तर दुसरं, त्याच्या आयात परवान्यात या सांध्याचं नाव आहे, मी वाचलंय. तिसरं या कामासाठी नको, स्वस्त असलं तरी. किमतीवर घासाघीस जरूर करा. गुडघ्याच्या इम्प्लांटला २०१७ पासून सरकारी कमाल किंमत आहे, याला नाही. फक्त एमआरपी वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही.

दुसऱ्या इंजेक्शनची तारीख पुढच्या गुरुवारची आहे. दादाने तोवर एक वही केलीय. पहिल्या पानावर के-नंबर आणि परवाना क्रमांक लिहिलेत, दुसरं पान लॉटच्या स्टिकरांसाठी कोरं ठेवलंय. ते थिएटरमधूनच मागून घ्यायचे, मेडिक्लेमवाले नाहीतरी मागतातच. मुखपृष्ठाच्या आत १८००-१८०-३०२४, उपकरणाचा त्रास झाला तर कळवायचा मटेरिओव्हिजिलन्सचा नंबर. तो वहिनीने स्वतःच्या अक्षरात लिहिलाय.