पन्नाशीनंतर घेतलेली हायब्रिड सायकल: एका पावसाळ्यासकट वापराचा अनुभव

ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढे सस्पेन्शन नाही, 700 बाय 38चे टायर, पुढे 48-38-28 दातांच्या तीन चकत्या, मागे 14 ते 28 दातांचं सात गिअरचं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच), व्ही-ब्रेक, म्हणजे चाकाची धातूची कड (रिम) दोन्ही बाजूंनी दाबणारे. या मापाची हायब्रिड, म्हणजे रस्त्याची आणि डोंगरातली यांच्या मधली सायकल, बऱ्याच कंपन्या बनवतात, म्हणून कंपनीचं नाव बाजूला ठेवून माप आणि जुळणीबद्दलच लिहितो. कॉलेज सुटल्यापासून घाम न गाळलेला माणूस पन्नाशीत सायकलवर बसला, की पहिल्या महिन्यातच काय ते ठरतं. गोडी लागली तर पहाटे आपोआप जाग येते. गुडघा धरला तर सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते.

आणि गुडघा धरतो तो बहुतेक वेळा सीट खाली असल्यामुळे. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून दुकानात सीट खालीच ठेवून देतात. तशी चालवली की पायडलच्या प्रत्येक फेरीत गुडघा जास्त वाकतो, वाटीवर दाब येतो आणि पुढच्या बाजूने दुखायला लागतं. दोष मात्र वयाला मिळतो. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक मांड्यांमध्ये घट्ट वर दाबून धरा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून घ्या. त्याला 0.883ने गुणा. 78 सेंमी आलं तर उत्तर जवळपास 69 सेंमी: पायडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, नळीच्या रेषेत. नंतर फरक करायचा तो 5-5 मिमीने. गुडघ्याच्या मागे दुखलं किंवा कंबर डावी-उजवी हलायला लागली, तर सीट जास्त वर गेली आहे. या उंचीवर बसून पाय टेकत नाहीत, सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहावं लागतं. ही सवय रस्त्यावर न्यायच्या आधी मोकळ्या मैदानात करून घ्या, इथे घाई नको.

दुसरं कारण जड गिअर. जोर लावला म्हणजे व्यायाम झाला, असं आपल्याकडे पक्कं बसलेलं आहे. पाय मिनिटाला 70 ते 80 वेळा फिरले पाहिजेत. 15 सेकंदांत उजवा गुडघा 18 ते 20 वेळा वर आला की बरोबर. सर्वांत हलक्या जोडीत, 28ला 28, पायडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी होते, म्हणजे साधारण 2.2 मीटर. पुण्यात सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत हे भरपूर झालं. कात्रजचा जुना घाटही धीराने निघतो. सिंहगडाचा गाडीरस्ता मात्र पायथ्यापासून साधारण 9 किमी, त्यातली काही वळणं भलतीच उभी, तिथे हे गिअर अपुरे पडले. मागे 14-34चं फ्रीव्हील टाकल्यावर तीच फेरी 1.8 मीटरवर आली आणि गुडघ्यावरचा ताण लगेच उतरला. आपला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) 34 दात पेलतो का, हे दुकानदाराला आधी विचारा. चेनही बहुधा लांब घ्यावी लागते, नाहीतर पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती एकत्र आल्या की ती ताणून डिरेलर मोडते. गिअर चढाच्या अलीकडे बदला. भर चढावर, पायात जोर असताना बदलला की चेन उतरते. गडावर मडक्यातलं दही खाऊन परतताना ब्रेक सतत दाबून धरू नका, रिम तापते. पुढचा-मागचा आलटून पालटून दाबा.

टायरची हवा अंगठ्याने तपासू नका, फसायला होतं. मीटरचा पंप घ्या, हा खर्च पहिला. टायरच्या बाजूवर मर्यादा छापलेली असते. 70 किलोच्या माणसाला मागे 60 आणि पुढे 55 पीएसआय चांगलं जमतं. हवा कमी असताना स्पीडब्रेकर किंवा खड्ड्याची कड लागली की ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारी शेजारी दोन छेद पडतात. पंक्चर काढताना असे दोन छेद दिसले तर काटा शोधत बसू नका. ट्यूबमधून हवा आपोआपही झिरपते, म्हणून आठवड्यातून एकदा भरायचीच.

पावसाळ्यात या सायकलची खरी परीक्षा झाली. रस्त्यावरची बारीक वाळू ब्रेकच्या रबरात रुतते आणि रिम खरवडते; करकर आवाज आला की रबर काढून टोकदार पिनेने कण उपसा, रिम ओल्या फडक्याने पुसा. रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या की जोडी बदला. चेनच्या प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. पुसलं नाही की त्यावर वाळू चिकटते. चेनची झीज स्टीलच्या पट्टीने कळते: नव्या चेनच्या एका पिनेपासून (ती न मोजता) पुढच्या 24व्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच. ते 1/16 इंचाने वाढलं की चेन बदला, 1/8 इंचापर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही जातं.

सोबत मिळालेली रुंद, मऊ सीट अर्ध्या तासापुरती ठीक. पुढे मांड्या घासतात. मडगार्ड नव्हते, प्लॅस्टिकची पायडलं पावसात घसरतात, दोन्ही बदलले. हाताची करंगळी बधिर होत असेल तर हँडल थोडं वर घ्या.

सुरुवात करणाऱ्याने वेग बघू नये, बोलता येतंय का ते बघावं. पूर्ण वाक्य दम न लागता निघालं पाहिजे. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर. इन्शुलिन चालू असेल तर खिशात ग्लुकोज हवंच. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते 40 मिनिटांच्या चार फेऱ्यांत बसतं. फक्त सायकलवर शरीराचं वजन हाडांवर येत नाही, म्हणून त्याच संघटनेने सांगितलेले स्नायूंच्या व्यायामाचे दोन दिवस टाळू नका. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, 10-10च्या तीन फेऱ्या, एवढ्यापासून सुरू केलं तरी घाटात मांड्या दगा देत नाहीत.