पन्नाशीत स्टिअरिंग हाती घेताना: गिअरची गाडी की ऑटोमॅटिक?

पन्नाशीच्या आसपास गाडी शिकायला निघालेल्या बाईला सल्ले फुकट मिळतात. "आता कशाला?" हा पहिला. तो सोडून देऊ. दुसरा असतो, "शिकायचीच तर गिअरची शिक, मग कुठलीही चालवता येईल." माझं मत वेगळं आहे. दाराशी कुठली गाडी उभी आहे ते आधी बघा आणि तसलीच शिका. लायसन्सची आडकाठी नाही. एलएमव्हीचं, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, एकच लायसन्स दोन्हींना चालतं.

गिअरच्या गाडीत खरी मेख क्लचची, म्हणजे गिअर बदलताना डाव्या पायाने दाबायच्या पेडलची. सपाट रस्त्यावर तो लवकर जमतो, दमवतो तो चढावर. पुण्यात चांदणी चौकाकडे चढताना पुढची बस थांबते, मागे रिक्षा चिकटून उभी. अशा वेळी हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर टाकायचा, क्लच हळूहळू सोडत न्यायचा. बॉनेट जरासं उचलल्यासारखं वाटलं की थोडी रेस द्यायची आणि मग हँडब्रेक खाली. हे एकदा पायात बसलं की विसरत नाही. पण डावा गुडघा आधीच कुरकुरत असेल, तर संध्याकाळच्या सिंहगड रोडवर दर दहा फुटांना क्लच दाबणं ही शिक्षाच. मग लायसन्स कपाटात जातं आणि बाई पुन्हा रिक्षात.

ऑटोमॅटिक छोट्या गाड्यांत सर्रास दिसू लागली ती 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, आणल्यानंतर. गिअरच्या त्याच मॉडेलपेक्षा एएमटी साधारण अर्ध्या लाखाने महाग पडते आणि गिअर बदलताना हलका हिसका देते. सीव्हीटी हा ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार मऊ चालतो, पण किंमत आणखी वर. एएमटी घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्ह चढावरच मागा. हिल होल्ड (चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) नसलेली गाडी ब्रेक सोडला की मागे सरकू शकते, हे शोरूमपुढच्या सपाट रस्त्यावर कळत नाही.

आता ऑटोमॅटिकचा खरा धोका, जो विकणारे सहसा सांगत नाहीत. गिअरच्या गाडीत गोंधळलात की बहुतेकदा गाडी बंद पडते. ऑटोमॅटिकमध्ये गोंधळलात की ती पुढे जाते. पार्किंगमध्ये घाबरून पाय ब्रेकऐवजी रेसवर पडला की समोरची भिंत. म्हणून ब्रेक आणि रेस दोन्हींना उजवाच पाय, टाच शक्यतो ब्रेकच्या रेषेत, डावा पाय बाजूला विसावलेला. पहिले काही दिवस एवढंच घोटवा. चप्पल घसरणारी नको, मागे पट्टा असलेली हवी.

शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच असतो. सुरक्षित आहे, पण त्यातच फसगत. बऱ्याचदा क्लच तोच सांभाळतो आणि आपल्याला वाटतं, आपण किती छान चालवतोय! चार दिवस झाले की सरळ सांगा, "दादा, पाय मागे घ्या, अगदीच वेळ आली तर दाबा." नवऱ्याकडून शिकण्यात पैसे वाचतात, संसार थोडा खर्ची पडतो. "अगं क्लच, क्लच!" असं ओरडणाऱ्याला आपण स्वतः कसे शिकलो ते आठवत नसतं. शिवाय त्याच्या पायाशी ब्रेक नसतो. माझ्या मते शिकायचं स्कूलमध्ये आणि नवऱ्याला शेजारी बसवायचं ते लायसन्सनंतर, रविवारी सकाळी, मंडईपर्यंत.

कारऐवजी स्कूटर? तरुणपणी लुना किंवा कायनेटिक होंडा चालवली असेल तर जरूर. अशा बायकांना रहदारीचा अंदाज असतोच, कारमध्ये फक्त डाव्या बाजूची रुंदी कळायला वेळ लागतो. सायकलसुद्धा कधी चालवली नसेल, तर या वयात तोल शिकायला पडणं परवडत नाही. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात. मग सरळ कारच.

कागदपत्रांचं थोडक्यात. चाळिशीनंतर लर्निंगसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, फॉर्म 1ए, लागतं. लर्निंग 6 महिने चालतं, पक्क्या लायसन्सची चाचणी 30 दिवसांनंतर देता येते. 50 ते 55 या वयात काढलेलं लायसन्स साठीपर्यंत, त्यानंतरचं 5 वर्षांचं. कपाटात जुनं लायसन्स असेल आणि मुदत संपून वर्ष उलटलं असेल, तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

क्लास लावण्याआधी डोळे तपासून घ्या. समोरच्या गाडीचे दिवे रात्री पसरट दिसत असतील तर मोतीबिंदूची शंका विचारा. जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा नवा असेल तर त्याची सवय होईपर्यंत थांबा, कारण आरशातलं आणि मीटरवरचं दोन्ही त्याच काचेतून बघायचं आहे.